लव्हर्नचा बाण डावीकडं का जातो

शुक्रवारी संध्याकाळी सगळं स्टेंगल गाव वळणावरच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जमतं. लव्हर्न झास्ट्रोचा बाण डावीकडं जातोय ही बातमी ऑगस्टमधल्या अशाच एका शुक्रवारी तिथं फुटली आणि लोकांनी हातातले मासे खुशाल थंड होऊ दिले.

त्याला कारण होतं. बारच्या काउंटरमागं आरशाच्या दोन्ही बाजूंनी शर्टांची शेपटं ठोकलेली आहेत. चौकड्यांची, पट्ट्यांची, एक तर चक्क लग्नातल्या पांढऱ्या शर्टाचं. हरणावर नेम धरून जो चुकतो, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायचं, हा विस्कॉन्सिनमधल्या शिकाऱ्यांचा जुना रिवाज. स्टेंगलच्या धनुर्धारी मंडळानं त्यात स्वतःची भर घातली आहे. हंगाम उघडण्याआधीच्या एका शनिवारी बारमागच्या कुरणात फोमचं हरीण उभं करतात. प्रत्येकानं एकच बाण मारायचा. काळजावरच्या वर्तुळाबाहेर गेला, की शेपूट गेलं. आणि ज्याचं शेपूट कधीच गेलेलं नाही, त्याच्याकडं मंडळाची कात्री.

कात्री लव्हर्नकडं होती. इतकी वर्षं होती, की तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क असू शकतो हे तो विसरून गेला होता.

आयुष्यभर त्यानं दुधाचा टँकर चालवला. पहाटे शेताशेतांवरून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवायचं. त्यामुळं तालुक्यातली प्रत्येक गाय, प्रत्येक कुत्रा आणि हरणांची प्रत्येक वाट त्याला ठाऊक. कोण कधी उठतं, कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी असते, हेही ठाऊक, आणि ते तो योग्य वेळी बोलून दाखवायचा. कात्री हातात आली, की मग तर विचारूच नका. चुकलेल्या माणसाला तो वाकवून उभं करायचा, शर्ट बाहेर ओढायचा, कापड दोन बोटांत चोळून बघायचा आणि म्हणायचा, ''कापड चांगलं आहे. माणसाबद्दल मी काही बोलत नाही.'' मग टोपी काढून अख्ख्या मंडळासमोर छोटं भाषण. ज्याचं शेपूट जायचं त्याला कात्रीपेक्षा भाषण जास्त लागायचं.

त्याच्या मेव्हणीला, व्हर्डेलला, ते दोनदा ऐकावं लागलं होतं. व्हर्डेल म्हणजे त्याच्या बायकोची धाकटी बहीण. पोस्टात नोकरी केलेली, जिभेनं तिखट आणि नेमानं त्याहून. शेपूट न गेलेला दुसरा कुणी मंडळात उरला नव्हता, म्हणून लव्हर्न चुकला तर कात्री त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या नेमाकडं जाणार होती आणि तो नेम कुणाचा असणार याबद्दल गावात दोन मतं नव्हती.

''डावीकडं म्हणजे किती?'' तिनं त्या शुक्रवारी विचारलं.

''थोडासा.''

''थोडासा म्हणजे हरणाच्या अंगात, की शेजारच्या शेतात?''

''दोरी नवी आहे. बसायला वेळ लागतो,'' लव्हर्न म्हणाला आणि माशाचा तुकडा जिभेनं हळूच एका बाजूला सारला.

त्या जिभेला एक गुपित माहीत होतं. त्या वर्षीच्या हिवाळ्यात लव्हर्नचे सगळे दात निघाले होते. त्यानं दूरच्या शहरातला दंतवैद्य गाठला, गावात सांगितलं की छाती भरलीय, सर्दी उतरत नाही, आणि हिरड्या भरून येईपर्यंत तोंडाला मफलर गुंडाळून घरी बसला. वसंतात नवी कवळी घालून तो बारमध्ये आला तेव्हा लोक म्हणाले, आजारपणानं तुझा चेहरा तरतरीत झालाय. त्याला ते फार आवडलं.

कवळी बसवणं ही काही लाजेची गोष्ट नाही. स्टेंगलमध्ये निम्म्या म्हाताऱ्यांच्या आहेत. पण त्या निम्म्यांची टिंगल करण्यात लव्हर्नची हयात गेली होती. त्याचा जिवलग मित्र नॉर्बर्ट. त्याची कवळी चर्चच्या सहलीत बटाट्याच्या कोशिंबिरीत सापडली होती. ती तिथं गेली कशी हे लव्हर्नशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ताजं चीज दाताखाली कुरकुर वाजतं, तसं ते नॉर्बर्टच्या तोंडात वाजत नाही हे लव्हर्न दर शुक्रवारी सर्वांना कान देऊन ऐकायला लावायचा. आता स्वतःच्या तोंडातही ते वाजत नव्हतं. म्हणून तो चीज खाताना मोठ्यानं बोलायचा.

घरी त्यानं बायकोला बजावलं होतं. ''आर्लिस, या घरात दात हा शब्द निघता कामा नये. भिंतींना कान असतात, आणि तुझी बहीण तर भिंतीला लागूनच राहते.''

''नाही काढणार,'' आर्लिस म्हणाली होती. आर्लिस शब्दाची पक्की.

आता बाणाचं. लव्हर्नचं धनुष्य म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, ज्याला कंपाउंड म्हणतात ते. दोरी मागं ओढली की चाकं फिरतात, सुरुवातीला जड लागतं आणि शेवटी एकदम हलकं होतं, त्यामुळं म्हातारा माणूसही नेम धरून निवांत उभा राहू शकतो. दोरीत डोळ्यासमोर येणारी एक बारीक कडी असते, तिच्यातून बघायचं. आणि लव्हर्नच्या दोरीवर जुन्या पद्धतीची एक छोटी चकतीही होती. दोरी पूर्ण ओढली की ती ओठाच्या कोपऱ्याला टेकायची. चकती टेकली म्हणजे दोरी रोजच्या जागी आली, मग सोडायला हरकत नाही.

पहिल्यांदा त्यानं नेमाची पट्टी सरकवली. बाण मध्यावर आले. दुपारी परत डावीकडं. त्यानं पट्टी जुन्या खुणेवर परत नेली आणि सगळे स्क्रू किल्लीनं आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, अंगातल्या रात्रीच्या कपड्यांवर, पायात बूट अडकवून तो मागच्या अंगणात गेला. पाचही बाण मध्यावर, एकमेकांना चिकटून. त्यानं तिथूनच नॉर्बर्टला फोन लावला.

''सापडलं. स्क्रू ढिला होता.''

''तू असा बोबडा का बोलतोयस?''

''आताच उठलोय,'' असं म्हणून लव्हर्ननं फोन ठेवला. नाश्ता करून तो परत अंगणात आला, तर बाण डावीकडं.

नॉर्बर्ट स्वतः येऊन बघून गेला. ''बाण बदल. पिसं झिजलीत तुझी.'' बाण बदलले. दुसऱ्या सकाळी उत्तम, दुपारी डावीकडं. व्हर्डेल कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, ''मूठ किती आवळतोस. धनुष्य पळून जाणार आहे का? हात सैल सोड.'' लव्हर्नला ते झोंबलं, पण ती गेल्यावर त्यानं हात सैल सोडून बघितला. दुसऱ्या सकाळी उत्तम. दुपारी डावीकडं, आणि संध्याकाळी एक बाण चक्क उजवीकडं गेला तो आर्लिसच्या भोपळ्यात.

''हा कुणाच्या सल्ल्यानं?'' आर्लिसनं खिडकीतून विचारलं.

''तुला धनुष्यातलं काय कळतं,'' तो म्हणाला. हे वाक्य त्याला लग्नापासून पाठ होतं.

''काही नाही,'' आर्लिस म्हणाली आणि खिडकीशी भांडी विसळत राहिली. ती हल्ली भांडी फार वेळ विसळायची. एरवी कंटाळवाणा असणारा ऑगस्ट तिला यंदा बरा चालला होता.

शेवटी लव्हर्ननं धनुष्य ड्वेनच्या दुकानात नेलं. ड्वेन हा शेजारच्या गावातला पोरसवदा माणूस. धनुष्य दुरुस्तीचं त्याचं नाव होतं. त्यानं दोन्ही चाकं एकदम फिरतात का बघितलं. फिरत होती. दोरीतली कडी वळली आहे का बघितलं. नव्हती. धनुष्य यंत्राच्या जबड्यात घट्ट बसवून यंत्राकडून बाण सोडवले. सगळे एका भोकात. मग स्वतः सोडले. त्याच भोकात.

''धनुष्य एकदम ठीक आहे, लव्हर्न,'' तो म्हणाला. ''आता तुम्ही मारा.''

लव्हर्ननं मारला. डावीकडं.

ड्वेननं घसा खाकरला. ''चष्मा बदललात का?''

''नाही.''

''खांदा दुखतोय? दाढी वाढवली होती का मध्ये? म्हणजे चेहऱ्यात काही फरक, असं काही? दोरी चेहऱ्याला लागते ना, म्हणून विचारतो. गालाचा दाब पडला तरी बाण डावीकडं जातो.''

''माझा चेहरा जन्मापासून हाच आहे,'' लव्हर्न म्हणाला. त्यानं धनुष्य उचललं आणि तो बाहेर पडला.

घरी येताना त्यानं नीट विचार केला. सकाळी बाण बरोबर जातात, दुपारी चुकतात. सकाळी काय असतं जे दुपारी नसतं? गारवा. दोरी उन्हानं सैल पडत असणार, चाकं तापत असणार. विचार पटण्यासारखा होता, आणि लव्हर्नला तो इतका पटला की दुपारी आर्लिस सॉसेज काढायला तळघरात गेली तेव्हा हरणाच्या मांसाच्या मोठ्या फ्रीजरमध्ये, पुड्यांवर आडवं, तिला धनुष्य सापडलं. ते घेऊन ती वर आली. चाकांवर बर्फाची साय धरली होती.

''हे शिजवायचं कसं?'' तिनं विचारलं.

फ्रीजरमधल्या धनुष्याची गोष्ट संध्याकाळच्या आत बारमध्ये पोचली. ती आर्लिसनं सांगितली नाही. आर्लिसनं फक्त बहिणीला सांगितली. ड्वेनला कळलं तेव्हा तो खुर्चीत बसला म्हणतात. मंडळातल्या लोकांनी लव्हर्नच्या दारात बर्फाची पिशवी आणून ठेवली, वर चिठ्ठी नाही, काही नाही. व्हर्डेल तर थेट म्हणाली, ''शनिवारी तुझा चांगला शर्ट घालून ये. भिंतीवर निळा रंग कमी आहे.''

लव्हर्न हसला, पण घरी येऊन नुसता बसून राहिला. टँकर गेला होता. चीजचा कारखाना मोठ्या कंपनीनं घेतला होता, तिथं त्याला आत सोडायलाही आता ओळखपत्र मागत. गावात शिरल्यावर लोक अजून ज्या एका गोष्टीसाठी त्याला जागा करून देत, ती कात्री होती. ती व्हर्डेलच्या पर्समध्ये गेली, तर पुढच्या शुक्रवारी तो मासे खाणाऱ्या म्हाताऱ्यांतला आणखी एक म्हातारा.

शनिवारच्या आदल्या संध्याकाळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला.

''आर्लिस, तुला काय वाटतं?''

आर्लिसनं हातातलं फडकं दुमडून ठेवलं. ''कशाबद्दल?''

''बाणाबद्दल.''

''मला धनुष्यातलं काही कळत नाही.''

''आर्लिस.''

''बरं. सकाळी तू अंगणात जातोस तेव्हा न्हाणीघरातल्या पेल्यात काय असतं?''

लव्हर्नचा हात गालाकडं गेला.

''मी तो शब्द काढलेला नाही,'' ती म्हणाली. ''नवी दोरी तू कधी बसवलीस? जानेवारीत, तळघरात, मफलर गुंडाळून. कडी, चकती, नेम, सगळं तेव्हाच लावलंस. तेव्हा तुझा गाल इथं होता.'' तिनं स्वतःचा गाल आत ओढून दाखवला. ''आता तो इथं आहे. नाश्त्यानंतर. संध्याकाळपर्यंत ती वस्तू ढिली पडते, मग गाल कुठंही असतो. भोपळा संध्याकाळचाच होता.''

''तुला हे कधीपासून माहीत आहे?''

''स्क्रूच्या दिवसापासून.''

''आणि तू गप्प बसलीस? ते फ्रीजर होऊ दिलंस?''

''तूच बजावलं होतंस, घरात शब्द निघता कामा नये. आणि विचारलंस कुठं?'' तिनं फडकं पुन्हा उचललं. ''शिवाय फ्रीजरचं मला आधी माहीत नव्हतं. ते तुझं स्वतःचं.''

लव्हर्न अंगणात गेला. कवळी घालून मारला, डावीकडं. आडोशाला वळून कवळी खिशात टाकली आणि मारला, मध्यावर. कवळी घालून नेमाची पट्टी सरकवून बघितली, तर पहिला बाण बरोबर आणि दुसरा एकदम खाली. कवळी जागची हलत होती, आणि हलत्या वस्तूवर नेम लावता येत नाही. त्यानं पट्टी परत जुन्या खुणेवर आणली. दंतवैद्य मंगळवारशिवाय भेटणार नव्हता. म्हणजे उद्या दोनच वाटा. दात ठेवून शेपूट द्यायचं, किंवा शेपूट ठेवून दात खिशात घालायचे.

शनिवारी कुरणात अख्खं मंडळ होतं. एका कडेला निखाऱ्यांवर सालासकट मक्याची कणसं भाजत होती. नॉर्बर्टचा बाण हरणाच्या पोटाखालून गेला, आणि लव्हर्ननं कात्री काढली. हात सवयीनं चालला, पण भाषण आटोपशीर झालं. नॉर्बर्ट वाकलेल्या अवस्थेत म्हणाला, ''एवढंच? मी काही मेलोय का?'' व्हर्डेलचा बाण वर्तुळाच्या मधोमध बसला. ती वळली, लव्हर्नकडं बघून तिनं हाताची बोटं कात्रीसारखी हलवली आणि बाजूला झाली.

कात्रीवाला शेवटी मारतो. लव्हर्न रेघेवर गेला. रुमाल काढला, शिंक आल्यासारखं करून वळला, आणि वळून परत आला तेव्हा त्याच्या शर्टाचा खिसा थोडा फुगलेला होता. त्यानं दोरी ओढली. चाकं फिरली, वजन हलकं झालं, चकती ओठाच्या कोपऱ्याला अगदी जुन्या ओळखीनं टेकली. कडीतून हरणाचं काळीज दिसलं. त्यानं दोरी धरणाऱ्या पकडीचा खटका दाबला.

बाण व्हर्डेलच्या बाणाला घासून बसला. आवाज इतका स्वच्छ आला की बघायला जावंच लागलं नाही.

लोकांनी टोप्या उडवल्या. नॉर्बर्टनं कापलेल्या शर्टानिशीच मिठी मारली. ''हरामखोरा, काय होतं ते? सांग तरी. दोरी होती ना? मी म्हणत होतो, बाणाची पिसं.''

लव्हर्ननं ओठ गच्च मिटून मान हलवली.

''बोल की. एरवी तुझं तोंड कधी बंद असतं?''

त्यानं पुन्हा मान हलवली आणि शक्य तितकं मोठं, पण बंद, हसला. व्हर्डेल त्याच्याकडं निरखून बघत होती. पोस्टात काम केलेल्या बाईला बंद पाकिटात काय आहे याचा अंदाज असतो. ती शांतपणे निखाऱ्यांपाशी गेली, सर्वांत टपोरं कणीस निवडलं, लोण्यात बुडवलं आणि त्याच्या हातात दिलं.

''घे. जिंकणाऱ्याचं पहिलं कणीस. गरम आहे तोवर चाव.''

सगळे बघत होते. पोट बरं नाही म्हणता आलं असतं, पण म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. मान हलवत गाडीपर्यंत चालत जाता आलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा. लव्हर्ननं कणसाकडं बघितलं. भूकही लागली होती. पहाटेपासून त्यानं कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं.

त्यानं कणीस नॉर्बर्टच्या हातात दिलं. खिशातून कवळी काढली. शर्टाचं मागचं टोक पँटीतून ओढून बाहेर काढलं, आणि ज्या शेपटावर सगळ्या गावाचा डोळा होता त्याच शेपटानं ती वर, खाली, दोन्ही बाजूंनी नीट पुसली. तोंडात बसवली, जबडा एकदा हलवून बघितला, कणीस परत घेतलं आणि चावलं.

लोणी त्याच्या हनुवटीवर ओघळलं. मग व्हर्डेल बोलली.

''हे चालणार नाही. धनुष्यात आयत्या वेळी बदल केलेला आहे.''

''धनुष्याला कुणी हात लावलाय?'' आर्लिस मागून म्हणाली. ''नियमात माणसाच्या सुट्या भागांबद्दल काही लिहिलेलं नाही.''

मंडळाचे नियम बारच्या फळीवर लिहिलेले आहेत आणि सर्वांना पाठ आहेत. खरंच लिहिलेलं नव्हतं. व्हर्डेल हसू लागली, आणि तिच्यामागोमाग सगळं कुरण. पुढची कितीतरी मिनिटं लव्हर्नला जे ऐकावं लागलं ते सगळं त्यानं स्वतः कधी ना कधी इतरांना ऐकवलेलं होतं, त्यामुळं त्याला ओळखू येत होतं. कुणी बर्फाची पिशवी तोंडात धरायला सांगितली. कुणी विचारलं, गालाला परवाना लागतो का. तो कणीस खात राहिला. कात्री त्याच्या मागच्या खिशात होती आणि तिथंच राहिली.

गर्दी बारकडं सरकली तसा नॉर्बर्ट त्याच्याजवळ रेंगाळला. शर्टाच्या उघड्या मागच्या बाजूनं त्याला वारा लागत होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

''लव्हर्न, माझे बाण दोन वर्षं झाली खाली जातायत. मी ड्वेनकडून नवी चाकं बसवून घेतली. नवी दोरी घेतली.''

''अच्छा.''

''तुला काय वाटतं?''

लव्हर्ननं कणसाचा उरलेला बुडखा गवतात टाकला, बोटं पुसली आणि नॉर्बर्टचं धनुष्य उचलून त्याच्या हातात ठेवलं.

''तिकडं तोंड कर,'' तो म्हणाला. ''कुणी बघत नाहीये. काढ, आणि एक मारून बघ.''